एका होडीचं तिकीट आणि ३६ लॉक : स्ट्रॅटफर्डच्या कालव्याचं प्रकरण

शेक्सपिअरचं गाव म्हणून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला जाणारे मराठी पर्यटक आता काही कमी नाहीत. जन्मघर, चर्चमधली समाधी, नदीकाठचं थिएटर असा ठरलेला फेरा होतो. थिएटरच्या जवळच्या बागेत एक बांधीव तलाव आहे. त्यात रंगीत, अरुंद, लांबुडक्या होड्या उभ्या असतात आणि तलाव व एव्हन नदी यांच्यामध्ये एक लॉक आहे, म्हणजे होडीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा हौद. जड लाकडी दरवाजांचं, हाताने चालवायचं. बहुतेक जण तिथे आइस्क्रीम खात फोटो काढतात आणि पुढे जातात. हा तलाव, हे लॉक आणि त्यांच्यामागचा २१ किलोमीटरचा कालवा १९५८ साली कायद्याने कायमचा बंद करण्याचा अर्ज झाला होता, हे तिथे उभं राहून कोणाला खरं वाटणार नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. जुनी सार्वजनिक बांधकामं कशी मरतात आणि कशी वाचतात याबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळा भर पैशावर असतो. इथे पैसा लागला, पण तो नंतर. आधी लागला तो एक कागद. तो नसता, तर पैसा उभा करायला निमित्तच उरलं नसतं.

स्ट्रॅटफर्ड कालव्याचा कायदा १७९३ मध्ये मंजूर झाला. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला किंग्ज नॉर्टनपाशी सुरू होऊन तो स्ट्रॅटफर्डला एव्हन नदीला मिळावा, अशी योजना होती. काम रखडत गेलं. पैसे संपले, पुन्हा उभे केले, मार्ग बदलला. अर्धा कालवा किंग्जवुडपर्यंत येऊन आज ग्रँड युनियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याला जोडला गेला आणि बरीच वर्षं तिथेच थांबला. पुढचा दक्षिणेचा भाग विल्यम जेम्स नावाच्या धडपड्या माणसाच्या आग्रहाने आणि विल्यम व्हिटमोर या इंजिनिअरच्या देखरेखीखाली झाला. १८१६ मध्ये कालवा नदीला मिळाला.

पैशाची तंगी या दक्षिण भागाच्या बांधकामात जागोजागी दिसते, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तो देखणा झाला आहे. कालव्याकाठच्या कामगारांच्या घरांना अर्धगोल, पिंपासारखी छपरं आहेत. पुलांची कमान बांधायला जे लाकडी साचे वापरले तेच घरांच्या छपरालाही वापरले, असं तिथे सांगितलं जातं. लहान पुलांचे दोन भाग मध्ये बोटभर फट ठेवून बसवलेले आहेत. होडी ओढणाऱ्या घोड्याचा दोर त्या फटीतून निघून जायचा, म्हणजे पुलाखाली घोड्यासाठी वेगळी वाट ठेवायला नको आणि पूल तेवढा आखूड करता येतो. एड्स्टोनला तर १४५ मीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा जलसेतू आहे. या जातीचा इंग्लंडमधला तो सर्वांत लांब. होडी त्यातून जाते तेव्हा काठावरून चालणारा माणूस तिच्या तळाच्या पातळीवर असतो, कारण पायवाट पाण्याच्या पातळीला न ठेवता पन्हळीच्या बुडाशी ठेवली आहे.

किंग्जवुड ते स्ट्रॅटफर्ड या टप्प्यात ३६ लॉक आहेत. त्यांतले ११ एकामागून एक विल्मकोट गावाजवळ उतरतात. विल्मकोट हे शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं, गाव. या ११ लॉकांकडे पाहिलं की पूर्ण कालव्याचा स्वभाव कळतो.

लॉक म्हणजे कालव्याची पायरी. विटांचा एक लांबट हौद, दोन्ही टोकांना दरवाजे. इथला हौद जेमतेम एका होडीपुरता, सुमारे २२ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरपेक्षाही किंचित अरुंद. होडी वरून आली की आधी हौद वरच्या पातळीपर्यंत भरलेला असावा लागतो. वरचं दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावायचं, मग खालच्या दाराच्या झडपा दात्यांच्या पट्टीवर हँडल फिरवून उचलायच्या. पाणी खालच्या टप्प्यात, म्हणजे पुढच्या लॉकपर्यंतच्या कालव्यात, जातं, होडी त्याबरोबर हळूहळू खाली बसते, आणि दोन्ही बाजूंचं पाणी सारखं झालं की दार एका माणसाच्या पाठीच्या जोराने उघडतं. दाराच्या वर आडवी जाडजूड तुळई असते, तिला पाठ लावून ढकलायचं. पातळीत बोटभर फरक राहिला तरी दार जागचं हलत नाही, कितीही जोर लावा. पाण्याचा दाबच त्याला बंद ठेवतो. या यंत्रात इंजिन नाही, वीज नाही. दोनशे वर्षांपूर्वी जसं चालायचं तसंच आजही चालतं.

आता हिशोब पाहा. दोन मीटर उतार धरला तर एका लॉकमधून एक होडी उतरवायला सुमारे एक लाख लिटर पाणी खाली सोडावं लागतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर. पण तेच पाणी पुढच्या लॉकला कामी येतं, त्याच्या पुढच्यालाही. म्हणून विल्मकोटचे अकराच्या अकरा लॉक एका होडीसाठी तेवढ्याच पाण्यावर चालतात, मात्र हे पाणी वरून कोणीतरी पुरवायला हवं. या कालव्यासाठी अर्ल्सवुडला मुद्दाम जलाशय बांधले होते, ते आजही आहेत. वरच्या भागात एक जरी टप्पा फुटला, गाळाने भरला किंवा झिरपू लागला, तर खालचे सगळे लॉक कोरडे पडतात. त्यामुळे कालव्यावरचं एक लॉक एकटं वाचवता येत नाही. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

१८५६ मध्ये हा कालवा एका रेल्वे कंपनीने विकत घेतला आणि काही वर्षांतच तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला. आपल्याच गाड्यांचा कोळसा पळवणारा कालवा नीट ठेवण्यात रेल्वेला काय रस असणार? खाली एव्हन नदीचा वरचा भागही १८७० च्या दशकात नौकानयनासाठी बंद पडला, म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या तलावातून नदीत उतरणारं लॉक कुठेच न जाणारं झालं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दक्षिण भागावरची मालवाहतूक संपली होती. १९४८ मध्ये कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि हा कालवा ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशन या सरकारी संस्थेच्या यादीत आला. १९५५ मध्ये कमिशनने आपल्या जलमार्गांची तीन गटांत वाटणी केली. शेवटच्या गटात, म्हणजे व्यापारी भवितव्य नसलेल्यांत, स्ट्रॅटफर्डचा दक्षिण भाग होता.

वापर थांबला की लॉकचं काय होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. लोकांना वाटतं की पाण्याने बांधकाम खराब होतं. लॉकच्या बाबतीत उलटं आहे. ओकच्या लाकडाचं दार सतत ओलं असेल तर साधारण पंचवीस वर्षं टिकतं. कोरडं पडलं की ते आकसतं, फळ्यांमध्ये भेगा पडतात, लोखंडी पट्ट्या सैल होतात. कालव्याच्या तळाला आणि कडांना तुडवून तुडवून बसवलेल्या चिकणमातीचा थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. ही माती वाळली की आपल्या उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारखी तडकते, आणि नंतर पाणी सोडलं तरी ते निघून जातं. हौदाच्या भिंतींना आतून पाण्याचा आणि बाहेरून मातीचा दाब असतो. आतलं पाणी गेलं की एकटी माती भिंतीला आत ढकलायला लागते. त्यातच विटांच्या सांध्यांत झाडं रुजतात, मुळं जाड होतात, हिवाळ्यात सांध्यातलं पाणी गोठून फुगतं आणि विटा सुटतात. दारं गळाली की वरचा टप्पा रिकामा होतो, मग तिथली माती वाळते. असा हा रोग लॉकमधून लॉकमध्ये वर चढत जातो.

तरीही, आणि हे इथे ठासून सांगायला हवं, विटकामाचा मोठा भाग तसाच शाबूत राहतो. दारं, झडपा, माती आणि गाळ हे सगळं बदलता येतं. पडीक लॉक पाहणाऱ्याला भग्नावशेष दिसतो. जाणकाराला त्यात दुरुस्तीचं अंदाजपत्रक दिसतं.

आता मूळ प्रसंग. विल्मकोटजवळ कालव्यावरून जाणारा एक जुना पूल कमकुवत झाला होता. रस्त्याची जबाबदारी वॉरिकशायरच्या काउंटी कौन्सिलवर होती. होड्या जाव्यात एवढ्या उंचीचा नवा पूल बांधणं महाग पडणार होतं. कालवाच नसेल तर पाइप टाकून वर भराव घालायचा की झालं काम, आणि तेही बऱ्याच स्वस्तात. कौन्सिलला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण तसं करणं न्याय्य होणार नाही. ज्या कालव्यावर वर्षानुवर्षं होडी दिसलेली नाही, त्याच्यासाठी करदात्यांचा पैसा उंच पुलावर का घालायचा, हा प्रश्न कोणत्याही अभियंत्याला पडला असता. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषदेने हेच केलं असतं.

पण कालवा नाहीसा करायला कायद्याची परवानगी लागते. १८८८ च्या रेल्वे आणि कालवा वाहतूक कायद्याप्रमाणे कालवा सोडून द्यायचा, तर तो सार्वजनिक नौकानयनाला अनावश्यक किंवा पडीक असल्याचं दाखवावं लागे. पडीक म्हणायचं, तर निदान तीन वर्षं त्यावर नौकानयन झालेलं नाही हे सिद्ध करावं लागे. कौन्सिलचा अर्ज याच मुद्द्यावर उभा होता.

आणि तिथेच अडलं. कालव्यावरून कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी छोटी होडी, घेऊन गेलेल्या दोघांनी रीतसर पैसे भरून तिकीट घेतलं होतं, तारखेसह. तीन वर्षांच्या आतलं. कमिशननेच दिलेलं तिकीट कमिशनच्याच कालव्याच्या वापराचा पुरावा झालं. गाळातून, झुडपांतून, फुटक्या दारांना वळसा घालत कॅनू खांद्यावर उचलून नेली असेल तर तिला नौकानयन म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण कायद्याने होडी किती मोठी असावी हे सांगितलेलं नव्हतं. टोल घेतला गेला होता, पावती होती, तारीख होती.

अशा पुराव्याची ताकद कालवाप्रेमींना आधीपासून ठाऊक होती. याच कालव्याच्या उत्तर भागात लिफर्ड लेनवरचा उचलता येणारा पूल रेल्वेने पक्का बसवून टाकला होता. १९४७ मध्ये एल. टी. सी. रोल्ट यांनी आपली क्रेसी ही होडी तिथे नेली. त्याआधी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये प्रश्न विचारला गेला होता आणि सूचना दिल्यास पूल उचलून देऊ असं आश्वासन मिळालं होतं. रेल्वेच्या माणसांना जॅक लावून पूल वर करावा लागला आणि होडी खालून गेली. रोल्ट आणि रॉबर्ट ऐकमन यांनी १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन केली होती. तिचा साधा पवित्रा होता : हक्क वापरत राहा, आणि वापरल्याची नोंद ठेवा. १९५६ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्यासाठीही स्वतंत्र सोसायटी निघाली. कॅनूच्या तिकिटाकडे योगायोग म्हणून पाहिलं तर या सगळ्या तयारीवर अन्याय होतो.

तिकिटाने एकट्याने निकाल लागला असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रांत आवाज उठला होता, सह्या झाल्या होत्या, लोकमत तापलं होतं. पण अर्जाचा कायदेशीर पाया तिकिटाने काढून घेतला, आणि लोकमताला पाय टेकायला जागा मिळाली. १९५९ मध्ये वाहतूक मंत्र्यांनी अर्ज नामंजूर केला.

इथे बरेच लोक गोष्ट संपवतात. खरं कठीण काम यापुढे होतं. अर्ज नामंजूर झाला म्हणून लॉकमध्ये पाणी आलं नाही. कमिशनला कालवा नको होता, कौन्सिलला नको होता. हक्क वाचला, पण मालक कोण? अशा वेळी नॅशनल ट्रस्ट पुढे आला. किल्ले, वाडे आणि समुद्रकिनारे सांभाळणाऱ्या संस्थेने गाळाने भरलेला कालवा घ्यावा ही कल्पना तेव्हा विचित्र होती. ट्रस्टमध्ये जॉन स्मिथ यांनी ती लावून धरली. १९६० च्या सप्टेंबरअखेर दक्षिण भाग ट्रस्टकडे आधी भाडेपट्ट्याने आला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये काम सुरू झालं. प्रमुख होते डेव्हिड हचिंग्ज, पेशाने वास्तुविशारद. कालव्याचं काम करणाऱ्या सरकारी यंत्रणेतले नव्हते, आणि माझ्या मते हेच कामी आलं. यंत्रणेचे अंदाज ठेकेदाराच्या दराने होते. हचिंग्ज यांनी कामाचा विचार माणसांच्या हाताने केला.

ही माणसं कोण होती? आठवड्याच्या सुट्टीत येणारे स्वयंसेवक, स्काउट, लष्कराचे जवान, आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातले कैदी. यांपैकी कैद्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही. गाळ उपसणं, झाडांची मुळं काढणं, जुन्या विटा साफ करून पुन्हा रचणं हे अंग मोडणारं काम आहे. रविवारी दोन तास हौसेने करणं वेगळं, रोज करणं वेगळं.

३६ लॉकांपैकी बहुतेकांची दारं नवी करावी लागणार होती. लॉकची दारं दुकानात मिळत नाहीत. प्रत्येक हौदाचं माप इंचभर इकडेतिकडे असतं. दाराचा गोल खांब भिंतीतल्या खाचेत फिरतो, तो त्या खाचेत घासून बसवावा लागतो. दार खाली उंबरठ्याला टेकतं, तिथे फट राहिली तर रात्रभरात लॉक रिकामं. कोरड्या लॉकमध्ये नवं दार बसवलं की ते चांगलं दिसतं, पण त्याची खरी परीक्षा पाणी सोडल्यावर. सुरुवातीला ते गळतंच. लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि पाणी तर वरूनच आणायचं, म्हणजे वरच्या टप्प्याची माती आधी घट्ट करायची, मग त्याखालचं लॉक, मग त्याखालचा टप्पा. हौद एकटा वाचत नाही हे वर म्हटलं ते इथे दर पावलाला आडवं येत होतं. सुटे तुकडे कितीही छान झाले, तरी सगळ्यांत वरचं काम पुरं झाल्याशिवाय खालच्याची खात्री देता येत नव्हती.

वेळ ठरलेली होती. १९६४ हे शेक्सपिअरच्या जन्माचं चारशेवं वर्ष. गावात वर्षभर सोहळे होते, जगभरातून लोक येणार होते. त्या वर्षी कालवा स्ट्रॅटफर्डला पाण्याने भरलेला दिसला तर दिसला, नाही तर एवढं लक्ष पुन्हा कधी मिळणार? तारीख ठरवून घेणं हा हचिंग्ज यांचा मोठा शहाणपणा होता. ११ जुलै १९६४ रोजी राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा सुरू झाला. खर्च सुमारे ५०,००० पौंडांच्या घरात गेला. एवढ्या लांबीच्या पडीक कालव्यासाठी तेव्हाच्या सरकारी कल्पनांच्या मानाने ही रक्कम फारच कमी होती.

स्ट्रॅटफर्डचं खालचं लॉक मात्र अजूनही जवळजवळ निरुपयोगी होतं. त्यातून नदीत उतरलं तर पुढे कुठे जायचं? खालच्या एव्हनचं पुनरुज्जीवन १९५० पासून दुसऱ्या एका ट्रस्टने हाती घेतलं होतं आणि होड्या टूक्सबरीकडून इव्हशॅमपर्यंत पोचल्या होत्या. इव्हशॅम ते स्ट्रॅटफर्ड हा मधला तुकडा उरला होता, जिथे जुन्या लॉकांचे बहुतेक अवशेषही धड शिल्लक नव्हते. तो भारही पुन्हा हचिंग्ज यांनीच उचलला. १९६९ मध्ये सुरू झालेलं काम १९७४ मध्ये पुरं झालं आणि पुन्हा राजमाताच उद्घाटनाला आल्या. तेव्हापासून बर्मिंगहॅमहून निघालेली होडी स्ट्रॅटफर्डच्या त्या लॉकमधून नदीत, नदीतून सेव्हर्नमध्ये आणि तिथून वूस्टरच्या कालव्याने परत बर्मिंगहॅमला येऊ शकते. ज्या लॉकला शंभर वर्षं पुढचा रस्ताच नव्हता, ते आता एका मोठ्या फेऱ्यातला सांधा आहे.

या प्रकरणाची एक बाजू मात्र गोड नाही, आणि ती लपवू नये. कालवा उघडणं एकदा होतं, तो चालू ठेवणं कायमचं असतं. नॅशनल ट्रस्टला हे लवकर जाणवलं. कालवा म्हणजे वाडा नव्हे, तिकीट लावून आत सोडता येत नाही. काठाने चालणाऱ्याला, पुलावरून पाहणाऱ्याला, तलावाशी बसणाऱ्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा खर्च मोजक्या होडीवाल्यांच्या परवान्यांतून निघत नव्हता. १९६४ च्या सुमारास घाईघाईने बसवलेली दारं एकाच सुमाराला जुनी झाली, म्हणजे दुरुस्तीचा भारही एकदम आला. शेवटी १९८८ मध्ये ट्रस्टने हा भाग ब्रिटिश वॉटरवेजकडे दिला. म्हणजे ज्या सरकारी मालकीला १९५८ मध्ये हा कालवा नको होता, तिच्याच वारसाकडे तो परत गेला, फरक इतकाच की आता तो चालू होता. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेजच्या जागी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आली, आणि ३६ लॉकांची दारं पाळीपाळीने बदलण्याचं काम आज तिच्याकडे आहे.

पडीक वास्तूंच्या कामात पडलेल्या कोणालाही मी हे प्रकरण वाचायला सांगतो ते त्यातल्या क्रमासाठी. आधी वापराची नोंद, मग हक्क, मग जबाबदारी घेणारा मालक, मग तारीख, आणि त्यानंतर विटा व लाकूड. आपल्याकडे बहुतेकदा सुरुवात विटांपासून होते : निधी मंजूर, चुना, रंग, फलक, उद्घाटन. पाच वर्षांनी तिथे पुन्हा झुडपं. कारण ती जागा कोणी वापरत असल्याचं, आणि वापरण्याचा हक्क लोकांचा असल्याचं, कागदावर कोणी लिहूनच ठेवलेलं नसतं. त्या दोघा कॅनूवाल्यांनी तिकीट न काढता रात्री गुपचूप कालव्यातून कॅनू नेली असती तर त्यांचे काही पैसे वाचले असते, आणि विल्मकोटच्या पुलाच्या जागी भराव पडला असता.